अभ्यास घरी, पण परीक्षा कुठे?

प्रश्न : कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. वय २७. बारावी कॉमर्स, ६१ टक्के. घरच्या अडचणीमुळे पुढे कॉलेज झालं नाही. सहा वर्षं बेदाण्याच्या एका पेढीवर हिशेब बघते. टॅली, जीएसटीची बिलं, बँकेचं काम सगळं माझ्याकडे आहे. लहानपणापासून डावा पाय अधू आहे, ५५ टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे, कुबडीवर चालते. दोन मजले चढून गेलं की हात थरथरतो आणि बराच वेळ धड लिहिता येत नाही. नोकरी सांभाळून घरी करता येईल आणि परीक्षेला पुणे-मुंबई गाठावी लागणार नाही, असं हिशेबाचं शिक्षण हवं आहे. एका क्लासने सहा महिन्यांचा ‘डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुचवला आहे. परीक्षा घरबसल्या ऑनलाइन, फी २८ हजार. भाऊ म्हणतो, सरळ सीएला बस. काय करू?

उत्तर :

ताई, ते २८ हजार आधी थांबवा. क्लासला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं कागदावर मागा : गुणपत्रकावर सही कोणाची असते, ती संस्था कोणत्या कायद्याने किंवा कोणत्या विद्यापीठाखाली चालते, आणि या डिप्लोमावर पुढे कोणत्या परीक्षेला किंवा कोणत्या सरकारी यादीत प्रवेश मिळतो. सही क्लासच्याच संचालकाची असेल, तर तो कागद म्हणजे तुम्ही तिथे शिकलात याचा दाखला, त्याहून जास्त काही नाही. आणि सहा वर्षं पेढीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला टॅली येतं हे सांगायला असल्या दाखल्याची गरजच नाही. तुम्हाला कमी पडते आहे ती पदवी, आणि पदवीवर उभी राहणारी एखादी मान्य परीक्षा.

शिक्षण कोणतं घ्यायचं हे ठरवण्याआधी ‘केंद्र’ या शब्दाची फोड करू. दूरशिक्षण घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत याच शब्दात होते. अभ्यासकेंद्र म्हणजे जिथे प्रवेश घेतला, पुस्तकं मिळाली, गृहपाठ दिले ते कॉलेज. परीक्षा-शहर म्हणजे फॉर्ममध्ये तुम्ही निवडलेलं गावाचं नाव. आणि परीक्षा केंद्र म्हणजे प्रत्यक्षातली ती इमारत, ज्या इमारतीच्या पायऱ्या तुम्हाला चढायच्या आहेत. ‘परीक्षा सांगलीतच आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. इमारत बहुतेक वेळा हॉलतिकीट आल्यावरच कळते, आणि तेव्हा हातात फार थोडे दिवस उरलेले असतात. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक उघडलंत की पहिल्यांदा हे शोधा : परीक्षा कुठल्या गावांत, कुठल्या महिन्यात, लागोपाठ किती दिवस, आणि दिवसाला किती पेपर. विषय आणि फी त्यानंतर.

आता पदवीकडे. तुमच्यासाठी बीकॉमचे तीन रस्ते आहेत.

पहिला, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ काम करणाऱ्या माणसांसाठीच आहे. बीकॉम मराठीतून करता येतं, स्वयंअध्ययनाची पुस्तकं मिळतात आणि अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रं होतात. आपल्या भागासाठी विभागीय केंद्र कोल्हापूरला आहे. दुसरा, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि पुढे एमकॉम करावंसं वाटलं तर तेही तिथे बाहेरून होतं. तिसरा, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. तिथे सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, आणि ठरलेले गृहपाठ वेळेत दिल्याशिवाय परीक्षेचा उपयोग होत नाही. गृहपाठाचा भार तिथे जास्त आहे, आणि तुमच्या पेढीचं वर्ष पाहता तो तुम्हाला जड जाईल.

आमचं मत पहिल्या दोघांपैकी एक, आणि त्यातही ज्याचं केंद्र तुमच्या एसटीच्या रस्त्यावर असेल ते. मराठीतून लिहिणं सोपं जात असेल तर मुक्त विद्यापीठ घ्या. पण प्रवेशाआधी अभ्यासकेंद्राच्या केंद्र संयोजकांना फोन न करता समक्ष भेटा. मागच्या वर्षी या केंद्राच्या विद्यार्थ्यांची लेखी परीक्षा नेमक्या कोणत्या इमारतीत झाली, कोणत्या मजल्यावर, एवढंच विचारा. अभ्यासकेंद्र जवळ आणि परीक्षा दुसऱ्याच गावात, असं होऊ शकतं. एकदा घेतलेलं अभ्यासकेंद्र मधेच बदलायचं म्हणजे अर्ज, शुल्क आणि हेलपाटे, म्हणून ही चौकशी पैसे भरण्याआधीच झाली पाहिजे.

प्रवेशात काय अडतं तेही सांगतो. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता विद्यापीठ अनुदान आयोगाचा डेब आयडी (आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी लागतो, म्हणजे क्रेडिट बँकेतलं आपलं खातं. ते खातं डिजिलॉकरवरून आधारच्या आधारे उघडतं. इथे नावाची गाठ बसते. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर नंतर, मधल्या नावाचं स्पेलिंग एका ठिकाणी वेगळं, लग्न झालं असेल तर आडनावच दुसरं. अशी तफावत असेल तर आधार आधी दुरुस्त करून घ्या. ते व्हायला दिवस लागतात आणि प्रवेशाची मुदत त्यासाठी थांबत नाही. प्रवेश साधारण पावसाळ्यात असतात. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीचे रस्ते बंद होते, हे तुम्हाला सांगायला नको. कागदपत्रं दाखवायला जायचं काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

दुसरी अडचण परीक्षा अर्जाची. वर्षाचा प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला बसता येतं, असं गृहीत धरून दरवर्षी कितीतरी जण घरी बसतात. परीक्षा अर्जाची चौकशी वेगळी करा, आणि एखादा विषय राहिला तर त्याचा अर्ज आपला आपण भरावा लागतो का, हेही केंद्रावर विचारून ठेवा. संकेतस्थळावरची सूचना आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, स्वतः उघडून वाचा. व्हॉट्सअॅप गटावर आलेल्या तारखेवर विसंबू नका.

विद्यापीठ मान्य आहे का, हे अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या सत्रासाठी आणि त्या अभ्यासक्रमासाठी पाहायचं असतं. विद्यापीठाचं नाव आहे म्हणून बीकॉम असेलच असं नाही. आणि कुठलाही दलाल ‘एका वर्षात तीन वर्षांची पदवी’ म्हणाला तर पुढचं वाक्य ऐकायला थांबू नका. नव्या धोरणातलं चौथं वर्ष ऑनर्ससाठी आहे. तुमचं काम तीन वर्षांच्या पदवीवर भागतं.

पदवीनंतर काय, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला पण खरा प्रश्न आहे. आमचं उत्तर आहे जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार व लेखा शासकीय पदविका. सांगली-साताऱ्यात राहणाऱ्या हिशेबनिसाला हिच्याइतकी उपयोगाची दुसरी परीक्षा नाही, आणि तरी क्लासच्या जाहिरातींत तिचं नाव क्वचितच दिसतं. आपल्याकडे गावागावात विकास सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था, वर साखर कारखाने, सूतगिरण्या आणि नागरी बँका. या प्रत्येक संस्थेचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हावं लागतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ८१ ते सांगतं, आणि त्याच कायद्यात प्रमाणित लेखापरीक्षक कोण हेही लिहिलेलं आहे : मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, जीडीसी अँड ए, लेखापरीक्षणाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान. या चार गोष्टी असल्या की शासनाच्या नामिकेवर, म्हणजे मान्य लेखापरीक्षकांच्या यादीत, नाव घालण्यासाठी अर्ज करता येतो, आणि नामिकेवरच्या लेखापरीक्षकांमधून संस्था आपल्या वार्षिक सभेत नेमणूक करते. म्हणजे कुबडी घेऊन रोज दुसऱ्याच्या पेढीवर जाण्याऐवजी, संस्थांची दप्तरं तपासून स्वतःची सही करणारं काम. लेखापरीक्षक झाला नाहीत, तरी पतसंस्थेत किंवा कारखान्याच्या लेखा विभागात पदवी आणि ही पदविका असलेल्या उमेदवाराकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

ही परीक्षा सहकार आयुक्तालयाच्या मंडळामार्फत वर्षातून एकदा होते, गेली काही वर्षं मेच्या अखेरच्या आठवड्यात. अर्ज ऑनलाइन असतो आणि वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरावा लागतो. पेपर सहा : हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास-तत्त्वं-व्यवस्थापन, सहकारी आणि इतर कायदे, सहकारी बँकिंग व पतसंस्था, आणि गृहनिर्माण व इतर संस्था. उत्तरं मराठीत लिहिता येतात. वर्ग नाहीत, हजेरी नाही, जर्नल नाही. अभ्यास घरी आणि परीक्षा तीन दिवसांत.

तीन दिवसांत सहा पेपर, म्हणजे दिवसाला दोन. इथे तुम्ही सावध राहायचं. सकाळचा पेपर, मधे थोडी सुट्टी, लगेच दुपारचा. वरच्या मजल्यावर बैठक आली तर दिवसातून दोन वेळा जिना, असं तीन दिवस. गावाहून रोज ये-जा करायचा विचार सोडून द्या. पेपर शुक्रवारी सुरू होणार असेल तर गुरुवारी संध्याकाळीच परीक्षेच्या गावात पोचा. नातेवाइकांचं घर असेल तर ते तळमजल्यावर आहे का आणि तिथून परीक्षेची इमारत रिक्षाने किती वेळाची आहे, हे आधी पाहा. दुपारचा डबा बरोबर ठेवा. मधल्या सुट्टीत जेवायला बाहेर जाऊन परत येण्यात तुमची सगळी ताकद जाईल.

अभ्यासात लोक कुठे घसरतात तेही लिहितो, कारण मराठीत चांगली पुस्तकं थोडी आहेत आणि जुन्या मार्गदर्शिका अजून फिरत असतात. सहकार कायद्यात ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात मोठे बदल झाले. संचालक मंडळ, सभासदांचं वर्गीकरण, लेखापरीक्षकाची नेमणूक, सगळीकडे. त्याआधीचं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, आणि नवं घेतलं तरी त्यानंतरच्या दुरुस्त्या अधिनियमाच्या ताज्या प्रतीवर ताडून पाहा. अधिनियम १९६० आणि नियम १९६१ मूळच वाचायचे. सगळी कलमं पाठ करायची नाहीत. पण लेखापरीक्षण ८१, दोषदुरुस्ती ८२, चौकशी ८३, नुकसानभरपाई ८८, वसुली १०१, निव्वळ नफ्याचा किमान एक-चतुर्थांश हिस्सा राखीव निधीला नेणारं ६६, एवढी तरी कलमं झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजेत. ताळेबंद ‘न’ नमुन्यात मांडायला सांगतात. तो खाजगी पेढीच्या ताळेबंदासारखा नसतो. भागभांडवल, राखीव व इतर निधी, ठेवी, कर्जे, येणे व्याज यांची जागा ठरलेली असते. ती मांडणी निदान दहा वेळा कोऱ्या कागदावर पट्टी घेऊन आखा.

टॅलीवर हात बसलेल्या माणसाची एक वेगळीच अडचण असते. टॅलीत व्हाउचर टाकलं की खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स), नफा-तोटा, ताळेबंद सगळं आपोआप होतं. कागदावर ते एकेक करून उभं करावं लागतं, आणि तेरीज जुळली नाही तर फरक शोधायची सवय मोडलेली असते. शिवाय शब्द. रोज ‘डेटर्स’, ‘क्रेडिटर्स’, ‘डिप्रिसिएशन’ वाचणाऱ्याला मराठी प्रश्नपत्रिकेतले ऋणको, धनको, घसारा, तरतूद, बँक जुळवणी पत्रक पहिल्यांदा परके वाटतात, आणि त्यात वेळ जातो. उपाय साधा आहे. पेढीवर रोज जे व्यवहार करता त्यातले पाच, नावं आणि रकमा बदलून, रात्री वहीत रोजकीर्दीला लिहा. शनिवारी त्यांची खतावणी करा. महिनाअखेरीला हाताने तेरीज काढा. मालकांचे खरे आकडे वहीत आणू नका. ते त्यांचं गुपित आहे. वेळेचा हिशेबही पाठ ठेवा : १०० गुण, १८० मिनिटं, म्हणजे २० गुणांच्या प्रश्नाला ३६ मिनिटं. चाळिसाव्या मिनिटालाही तेरीज जुळत नसेल तर फरक निलंबन (सस्पेन्स) खात्याला टाका आणि पुढच्या प्रश्नाला जा.

आता भाऊ म्हणतो ते सीए. तुमच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने इथे चांगली बातमी आहे. सनदी लेखापाल संस्थेच्या परीक्षा-शहरांच्या यादीत सांगलीही आहे आणि साताराही, आणि दोन्ही गावांत संस्थेच्या शाखा आहेत. फाउंडेशन या पहिल्या परीक्षेला चार पेपर, प्रत्येकी १०० गुण. हिशेब आणि व्यापारी कायदे लेखी, संख्यात्मक आणि अर्थशास्त्र हे दोन पर्यायी उत्तरांचे, त्यात चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के मिळाले की पास. पेपर दुपारी दोनला सुरू होतो आणि मधे बहुधा एखादा दिवस मोकळा असतो. जीडीसीच्या मानाने तुमच्या शरीराला हे वेळापत्रक सोसण्यासारखं आहे. वर्षात तीन संधी असतात, आणि त्यासाठी नोंदणी चार महिने आधी, म्हणजे १ जानेवारी, १ मे किंवा १ सप्टेंबरच्या आत झालेली लागते. पुस्तकं संस्थाच देते, पीडीएफ फुकट आहेत, ऑनलाइन वर्गही. माध्यम मात्र इंग्रजी किंवा हिंदी. मराठी नाही. वयाची वरची अट नाही.

तरीही फाउंडेशनला आज बसू नका, असं आम्ही म्हणू. कारण परीक्षा नव्हे, पुढची आर्टिकलशिप. इंटरचे, म्हणजे फाउंडेशननंतरच्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप झाल्यावर दोन वर्षं एखाद्या सीएच्या हाताखाली पूर्णवेळ काम करावं लागतं. तिथे मिळणारं विद्यावेतन तुमच्या आजच्या पगारापेक्षा कमी असण्याची शक्यता जास्त, आणि ऑडिटसाठी ग्राहकांच्या कचेऱ्यांत फिरावं लागतं. घर तुमच्या पगारावर किती चालतं, हे तुम्हालाच ठाऊक. हे गणित जुळत नसताना नोंदणीचे ९,००० आणि परीक्षेचे १,५०० भरण्यात अर्थ नाही. पण दार बंद करायचीही गरज नाही. कॉमर्स पदवीधराला ५५ टक्के असले की फाउंडेशन टाळून थेट इंटरला नोंदणी करता येते. म्हणून बीकॉम नुसतं पास होण्यासाठी करू नका. ५५ च्या वर राहा, आणि विषय निवडायची मुभा मिळेल तिथे हिशेब, लेखापरीक्षण, कर, कॉस्टिंग, व्यापारी कायदे हे घ्या. पंचावन्न टक्क्यांच्या सवलतीसाठी यांच्यासारख्या विषयांचे किमान तीन पेपर झालेले असावे लागतात. बीकॉम हाती आलं की जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीचा मार्गही खुला होतो, तेही ध्यानात असू द्या.

कॉस्ट अकाउंटंट संस्थेच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. तिचं चॅप्टर कोल्हापूर-सांगली असं जोडून आहे, पण परीक्षा सांगलीत होईल असं धरून चालू नका. फॉर्ममधली यादी उघडून पाहा आणि मगच विचार करा. हे शिक्षण कारखान्यातल्या नोकरीला छान आहे, पेढीला आणि पतसंस्थेला तितकंसं नाही. एसीसीए या ब्रिटनमधल्या संस्थेच्या परीक्षेची फी पौंडात असते आणि भारतात लेखापरीक्षणावर सही करायचा अधिकार त्यातून मिळत नाही, म्हणून ती बाजूला ठेवा.

पायाच्या अडचणीबद्दल तुम्ही पत्रात अगदी दबक्या आवाजात लिहिलं आहे. तसं लिहायचं कारण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलं की लक्षणीय दिव्यांगत्व धरलं जातं, आणि तुमचं ५५ आहे. लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, लेखनिक न घेणाऱ्यालाही देता येतो असं आहे, आणि बैठक शक्यतो तळमजल्यावर द्यावी असंही आहे. तुमचा हात चढण्याने थरथरतो, म्हणून दोन्ही मागा. पण एक फरक ओळखा. तळमजल्याची खोली केंद्रावरचे लोक देऊ शकतात. जादा वेळ ते त्या दिवशी स्वतःच्या अधिकारात देऊ शकत नाहीत, त्याची मंजुरी परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाकडून, मंडळाकडून किंवा संस्थेकडून आधी यावी लागते. पेपरच्या सकाळी प्रमाणपत्र घेऊन उभं राहणाऱ्याला ‘वरून पत्र नाही’ हेच ऐकावं लागतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. जुनं कागदी प्रमाणपत्र असेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढून घ्या. सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणीला वेळ लागतो, म्हणून हे काम याच महिन्यात. परीक्षा अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना न चुकता भरा. तो रिकामा सोडला की नंतर मागणी करणं अवघड जातं. अर्ज भरला त्याच आठवड्यात परीक्षा विभागाला जादा वेळेचा अर्ज, सोबत कार्डाची प्रत. मंजुरीचं पत्र आलं की त्याच्या चार प्रती काढा. आणि हॉलतिकीट हातात पडलं की दुसऱ्या दिवशी इमारत पाहायला जा, सोबत केंद्रप्रमुखांच्या नावे हा मजकूर :

‘विषय : तळमजल्यावर बैठक व्यवस्था मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या केंद्रावर दि. … पासून होणाऱ्या … परीक्षेची परीक्षार्थी असून माझा बैठक क्रमांक … आहे. मला ५५ टक्के अस्थिव्यंग असून मी कुबडीच्या साहाय्याने चालते. जिना चढल्यानंतर मला लिहिण्यास त्रास होतो. तरी माझी बैठक व्यवस्था सर्व पेपरांसाठी तळमजल्यावर करावी, ही विनंती. सोबत : यूडीआयडी कार्ड, हॉलतिकीट व जादा वेळेच्या मंजुरी पत्राची प्रत.’

‘सर्व पेपरांसाठी’ हे शब्द गाळू नका. नाहीतर पहिल्या दिवशी खाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर, असं होतं. एका प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. गेलातच तर फाटकापासून खोलीपर्यंत स्वतः चालून पाहा : किती पायऱ्या, कठडा आहे का, तळमजल्यावर स्वच्छतागृह आहे का आणि ते उघडं असतं का, बाकाखाली कुबडी आडवी ठेवता येते का. सांगली म्हटलं तरी इमारत विश्रामबागेच्या बाजूला असू शकते. तुमची एसटी मिरजेवरून येत असेल तर सांगली स्टँडपर्यंत जाऊन मागे फिरण्याऐवजी वाटेत उतरणं सोयीचं. एसटीत दिव्यांगांना साध्या बसला ७५ टक्के सवलत असते, ती घ्या.

शेवटी तुमच्या पेढीचं वर्ष, कारण सगळं घोडं तिथेच अडेल. जानेवारी ते एप्रिल द्राक्ष आणि बेदाण्याचा हंगाम, त्यातच मार्चअखेर. दिवाळीच्या आधी झिरो पेमेंटची, म्हणजे सगळी येणी-देणी चुकती करण्याची, धांदल, तेव्हा तर सौदे बंद असले तरी हिशेबनिसाला उसंत नसते. अभ्यासाचे खरे महिने जून ते सप्टेंबर, आणि मग दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत. हंगामात फक्त रोजची वही आणि रविवारी दोन तास, त्यापेक्षा जास्त ठरवू नका, ते पाळलं जाणार नाही. पुढे कधी सीए इंटरला बसलात तर सप्टेंबरची संधी धरा. मेच्या परीक्षेचा अभ्यास भर हंगामात येतो. जीडीसी मेच्या अखेरीला असते, तिला एप्रिल-मेमधली उजळणीची रजा लागेल, आणि तिचा अर्ज मात्र ऐन बेदाण्याच्या गर्दीत भरावा लागेल. म्हणून फोटो, सही, पदवीचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड डिसेंबरमध्येच स्कॅन करून मोबाइलवर एका फोल्डरमध्ये ठेवा.

आणि मालकांशी आत्ताच बोला. बीकॉमच्या पेपरांचे दिवस आणि तीन वर्षांनी मेमधला एक आठवडा, एवढी रजा लागेल असं सांगा. मोबदल्यात पावसाळ्यातली साठा मोजणी आणि बँक जुळवणी तुम्ही आधी उरकून द्याल असंही सांगा. होकार मिळाला की पेढीच्या डायरीत त्यांच्यासमोर लिहून ठेवा.